लाल पट्ट्याची कॅन

राज्यघटना मी दुधाच्या टेम्पोत शिकलो. कॉलेजात नाव होतं, हजेरीही लागत होती. पण खरं पाठांतर झालं ते सोलापूरच्या रस्त्यावर, दुधाच्या कॅनांना पाठ टेकून. तामलवाडीच्या फाट्यापासून बरंच आत आमचं गाव. सकाळची एसटी आली तर आली. टेम्पोवाला उत्तरेश्वर मात्र डेअरीला दूध पोचवायचं म्हणून रोज यायचाच, आणि लॉ कॉलेजचे तासही सकाळचेच असत. त्यानं मला फुकट न्यायचं आणि मी डेअरीवर कॅना उतरवायला हात लावायचा, असं आमचं ठरलेलं होतं.

मोठ्यानं घोकल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. त्यामुळे माझ्याबरोबर उत्तरेश्वरचीही निम्मी घटना पाठ होत आली होती. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, असं सत्ताविभाजनाचं प्रकरण मी घोकत होतो तेव्हा तो गिअर टाकता टाकता म्हणाला, "आपल्या गावाला मग तीन आबाराव लागत्याल."

खोटं नव्हतं. आबाराव सरपंच होते आणि दूध सोसायटीचे चेअरमनही तेच होते. नियम त्यांनी करायचा, तो पाळला जातो का हे मापाजवळ उभं राहून त्यांनीच बघायचं, आणि कुणाची तक्रार असली तर ओट्यावर बसून तीही त्यांनीच ऐकायची. माणूस वाईट नव्हता. हे सांगायला मला आजही जड जातं, पण नव्हता. दुष्काळात गावाला चारा डेपो मिळावा म्हणून तुळजापूरला हेलपाटे त्यांनीच घातले, आणि कडबा वाटताना आमच्या वस्तीसाठी हात आखडता घेतला नाही. फक्त दुधाचं तेवढं वेगळं होतं.

आम्ही बौद्ध. गावातल्या बायका सोसायटीच्या खोलीत जाऊन दूध घालत. आमच्या बाया बाहेर, ओट्याखाली ठेवलेल्या कॅनमध्ये घालत. चुकून इकडचं तिकडं होऊ नये म्हणून त्या कॅनला लाल रंगाचा पट्टा मारलेला होता. सोसायटीचा सचिव महारुद्र आमच्यासाठी मापही निराळं ठेवायचा. सोसायटी निघाली तेव्हापासून असंच चाललंय, असं सगळे म्हणायचे, जणू सोसायटी सातवाहनांच्या काळात निघाली होती.

गंमत अशी, की सोलापूरच्या डेअरीवर ती कॅन गावाच्या कॅनांबरोबर एकाच टाकीत पालथी व्हायची. हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो, कधी माझ्याच हातांनी करत होतो. आबारावांचा मुलगा सोलापुरात नोकरीला होता. त्याच्या चहात आमच्या म्हशीचं दूध पडत असणार या विचारानं माझी सकाळ बरी जायची. कॅन पालथी करण्याआधी डेअरीचा माणूस ओरडून विचारायचा, "लाल पट्टा कुणाची?" आणि उत्तरेश्वर खालून सांगायचा, "बौद्धवाड्याची."

शहाऐंशी साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला. वस्तीतल्या म्हशी एकेक करून बाजारात गेल्या. उरल्या दोन, एक आमची आणि एक शेजारच्या मालनबाईची. लाल पट्ट्याची कॅन अर्ध्यावर आली. त्याच सुमारास सोसायटीनं नियम केला, की अर्धी कॅन टेम्पोत चढवायची नाही. नियमात खोट काढायला जागा नव्हती. अर्ध्या कॅनमधलं दूध खडीच्या रस्त्यानं हिंदकळत जातं, घुसळलं जातं, लोणी धरतं, आणि मग डेअरी ते घेत नाही. नियम सगळ्यांना सारखाच होता. फक्त गावाच्या दोन कॅन काठोकाठ भरत होत्या. आमची भरायची तर गावाचं दूध तिच्यात पडायला हवं होतं, आणि ते होणार नव्हतं.

पहिल्या दिवशी परत आलेल्या दुधाचं आईनं दही लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. पण आमच्या घरचं दही गावात विकत घेणार कोण? मालनबाईनं आणि आम्ही ते आपसांत वाटून खाल्लं, पोरांना पाजलं, आणि उरलेलं ओतून दिलं. चारा डेपोच्या रांगेत उभं राहून जगवलेल्या म्हशीचं दूध मातीत जाताना बघून आई दोन दिवस नीट जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ऐतवारी बाजार हाय. म्हस देऊन टाकू. तिला तरी कुठं पोटभर वैरण मिळंल."

"आन् आपून?"

"आपून दोघं पाझर तलावाच्या कामावर. परीक्षा पुढच्या साली दी की."

पुढच्या साली परीक्षा देतो म्हणालेली माणसं मी आमच्या वस्तीत पुष्कळ पाहिली होती. पुढच्या साली परीक्षा दिलेला एकही पाहिला नव्हता. मला म्हशीची काळजी होती, आईची होती, पण त्याहून जास्त माझ्या स्वतःची होती.

मी आबारावांकडे गेलो. ते ओट्यावर पान लावत बसले होते, शेजारी उत्तरेश्वर चहा पीत होता. मी समानतेच्या हक्काबद्दल बोललो, जरा आवाज चढवूनच बोललो. आबारावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मच्छिंद्रा, नियम समद्यांला एकच हाय."

"मग आमची कॅन का येगळी हाय?"

"ती रीत हाय. आन् हक्काचं म्हणशील, तर हक्क सरकारकडं मागायचे आस्त्यात. ही सोसायटी हाय, सरकार न्हाय. तूच म्हणत व्हतास म्हणं."

मी उत्तरेश्वरकडे बघितलं. त्यानं कपात तोंड घातलं. मूलभूत हक्क हे राज्याविरुद्ध असतात, हे वाक्य मी टेम्पोत आठवडाभर घोकलं होतं, आणि या बहाद्दरानं ते चहाबरोबर चेअरमनला पोचवलं होतं. स्वतःच्याच पाठांतरानं तोंड बंद झालेला विद्यार्थी मी एकटाच असेन. घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी घटना शिकवणाऱ्या सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते हाताचा खडू झटकत म्हणाले, "तुमची सोसायटी राज्य आहे की नाही, यावर वकील वर्षानुवर्षं भांडतील. पण तू त्या दारानं जातोसच कशाला? सतरावं कलम काढ."

मी काढलं. अस्पृश्यता मोडीत काढणारं ते कलम. इतकं छोटं, की ते सोपं समजून मी कधी त्यावर थांबलोच नव्हतो.

"हे कुणाला बांधून घालतं?" सरांनी विचारलं.

मी पुन्हा वाचलं. समानतेचं चौदावं कलम राज्याला बजावतं. इथं तसं काही नव्हतं. इथं कुणालाच वगळलेलं नव्हतं.

"सगळ्यांनाच," मी म्हणालो.

"मग झालं की. सरकारला, सोसायटीला, तुझ्या चेअरमनला आणि त्यांच्या मापालासुद्धा. शिक्षेसाठी नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्याची फिर्याद पोलिसात द्यायची आणि निकाल कोर्टात लागतो. चेअरमनच्या ओट्यावर नाही."

शनिवारी सकाळी मी आईबरोबर सोसायटीवर गेलो. लेखी अर्ज बरोबर घेतलाच नव्हता. जे सांगायचं ते तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. पोचलो तर तिथं वेगळाच घोळ झालेला. गावातल्याही म्हशी आटायला लागल्या होत्या. एक कॅन भरली होती, दुसरी अर्ध्यावरच राहिली होती. ओट्यावर गावाची अर्धी कॅन, ओट्याखाली आमची अर्धी. आपलं दूध परत न्यावं लागणार म्हणून बायका कुजबुजत होत्या. त्या अर्ध्या कॅनमध्ये आबारावांच्या घरचंही दूध होतं.

मी आबारावांना सतरावं कलम सांगितलं. सोसायटी सरकार नसली तरी काही बिघडत नाही, हेही सांगितलं. पाठ केलेली वाक्यं या वेळी शाबूत राहिली.

"म्हंजी तू माझ्यावर केस करणार?" त्यांनी विचारलं.

"करणार. तुळजापूरला. तिथं इन्साफ करायला तुमी नसणार."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या तोंडावर मला राग दिसला नाही, नुसता थकवा दिसला. तेवढ्यात उत्तरेश्वर टेम्पोतून उतरून आला आणि दोन्ही कॅनांत डोकावून म्हणाला, "चेअरमन, दोन्ही अर्ध्या हायेत. तुमच्या नियमानं दोन्ही ऱ्हात्याल."

त्यानं आदल्या चहाची भरपाई केली की नुसतं खरं ते सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

आबारावांनी तोंडातलं पान थुंकलं. "महारुद्रा, इठाबाईचं दूध ह्या गावाच्या कॅनात वत," ते माझ्या आईकडे हात करून म्हणाले.

मी जिंकलो होतो. महारुद्र घुटमळत ओट्यावरून खाली आला. तो वाकणार, एवढ्यात आईनं लाल पट्ट्याच्या कॅनवर हात ठेवला.

"न्हाय," ती म्हणाली.

"आता काय?" आबाराव म्हणाले.

"आमचं तुमच्यात नगं. तुमचं आमच्यात वता."

"दूध जाण्याशी मतलब हाय ना तुला? ह्यात काय आन् त्यात काय."

"व्हय, दूध तर आज जाईल. पर माझी कॅन रिकामी ऱ्हाईल, आन् उद्या सकाळी हितंच खाली ठिवाल. परवा पाऊस पडंल, गावाची कॅन भरंल, मग म्या पुन्हा अर्धी घिऊन उभी." तिनं पट्ट्यावरून बोट फिरवलं. "तुमचं दूध एकदा हिच्यात पडलं, म्हंजी ही काय आमची एकट्याची ऱ्हात न्हाय. मग ठिवा कुठं ठिवायची ती."

केस, कोर्ट, कलम एवढं करून मी आजच्या दिवसाचं दूध मागितलं होतं. तिनं उद्याचं मागितलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी टेम्पोकडे तोंड केलं.

महारुद्र चेअरमनकडे बघत होता. बायकांतल्या एकीनं पदर तोंडाला लावला, पण आपलं दूध परत मागायला कुणी पुढं झालं नाही. ऊन चढायला लागलं होतं आणि दूध थांबणार नव्हतं.

आबारावांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. महारुद्राला त्यांनी सांगितलंच नाही. स्वतः गावाची अर्धी कॅन उचलली, ओट्याखाली उतरले आणि सावकाश, एक थेंब न सांडता लाल पट्ट्याच्या कॅनमध्ये रिकामी केली. कॅन भरायला ओंजळभरच कमी होती. आईनं झाकण लावलं आणि दाबून बसवलं.

"नियम बदलावा लागंल," आबाराव कुणाकडेच न बघता म्हणाले. "समद्या कॅन आत ठिवायच्या. लाल पट्ट्याची बी."

टेम्पो निघताना आई मागून आली. "येताना सोलापुरातनं पेंड आण," ती म्हणाली. "बाजाराला जायचं न्हाय आता."

त्या दिवशी मी रस्त्यानं काही घोकलं नाही. उत्तरेश्वरनंही विचारलं नाही. खडीवर टेम्पो उसळायचा तेव्हा मी लाल पट्ट्याच्या कॅनला हात लावून बघायचो, पण भरलेली कॅन हलत नव्हती.

डेअरीवर मी ती उतरवून टाकीपाशी नेली. वरचा माणूस रोजच्यासारखा ओरडला, "लाल पट्टा कुणाची?"

उत्तरेश्वर तोंड उघडून थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग कॅनकडे.

"गावाची," तो म्हणाला, आणि मी कॅन टाकीत पालथी केली.