सल्ल्यांचं बाळंतपण

शाल्मलीच्या बाळंतपणात माणसं कमी पडली, असं कुणी म्हणू शकलं नसतं. फोनवर ती सगळी चोवीस तास हजर होती. आई पिट्सबर्गला होती, कारण भावाच्या बायकोचं बाळंतपणही त्याच महिन्यात आलं. "तिला तिकडे कोण आहे गं? तुला बंगळूरला हाक मारली की बाई मिळते," असं म्हणून ती विमानात बसली होती. सासूबाई पुण्याहून आल्या, नऊ दिवस राहिल्या आणि सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली म्हणून परतल्या. निघताना म्हणाल्या, आमच्या घराण्यात कुणालाही दूध कमी पडलेलं नाही. त्यांनी ते धीर द्यायला सांगितलं होतं. शाल्मलीला ती ताकीद वाटली.

बंगळूरच्या येलहंक्यातल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मग तिघंच उरली: शाल्मली, तिचा नवरा शंतनु आणि बारा दिवसांची आर्या. आर्याला छातीशी धरलं की ती चार-दोन वेळा ओढायची आणि अंगाची कमान करून रडायला लागायची. शाल्मलीच्या स्तनाग्रांना भेगा पडल्या होत्या. बाळाने तोंड लावलं की ती पायाची बोटं आवळून दहापर्यंत आकडे म्हणायची. दवाखान्यात वजन केलं तर ते जन्माच्या वजनालाही पोचलं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर 'फीड वाढवा' असं लिहून दिलं. कसं वाढवायचं हे विचारायच्या आत पुढचा पेशंट खुर्चीत बसला होता.

शंतनु माणूस वाईट नव्हता. मिळालेली दहा दिवसांची रजा त्याने अभ्यासात घालवली. पंप मागवला, चंद्रकोरीच्या आकाराची उशी मागवली, शतावरीची पावडर दोन कंपन्यांची मागवली. शिवाय एक्सेलमध्ये तक्ता केला: किती वाजता, कुठली बाजू, किती मिनिटं. "डावी बाजू मागे पडतेय," असं त्याने एकदा तक्ता बघून सांगितलंही. स्तनपान सल्लागार बाईंची ऑनलाइन वेळ नऊ दिवसांनंतरची मिळाली. तोवर वाचायला त्यांनी बत्तीस पानांची पीडीएफ पाठवली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'आई आनंदी, तर बाळ आनंदी.'

सोळाव्या दिवशी सकाळी डावी बाजू दगडासारखी घट्ट आणि लालभडक झाली. शाल्मलीला हुडहुडी भरली. आईने व्हिडिओवरून कान बांधायला सांगितलं. सासूबाईंचं मत, दृष्ट लागली. शंतनुची रजा संपली होती आणि तो कानाला हेडफोन लावून क्लायंटला काहीतरी समजावत होता. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सहाव्या मजल्यावरच्या सगुणाबाई होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. त्यांची कानडी मिसळलेली मराठी लिफ्टमध्ये ऐकून शाल्मली आणि शंतनु घरी येऊन हसले होते. आज त्या भांडायला आल्या होत्या. वरून दुपट्यांचं पाणी गळून त्यांचे वाळत घातलेले सांडगे भिजले होते. अर्धं वाक्य बोलून त्या थांबल्या, दाराला टेकून उभ्या असलेल्या शाल्मलीकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर हात ठेवला.

"कधीपासनं?"

"सकाळपासून. कान बांधलेत."

"कानाचं काय? दूध अडकलंय तुझं."

सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी अठ्ठावीस वर्षं नर्स म्हणून काढली होती, हे शाल्मलीला त्या दिवशी कळलं. नऊ महिने एकाच लिफ्टमधून जात-येत असून तिने कधी विचारलं नव्हतं. सगुणाबाईंनी शंतनुला क्लायंट बाजूला ठेवून ऑटो बोलवायला लावला. दवाखान्यात त्या स्वतः बरोबर आल्या आणि डॉक्टरांनी नीट तपासून औषध लिहीपर्यंत खुर्चीवरून उठल्या नाहीत. पाजणं थांबवायचं नाही, हेही त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी चंद्रकोरीची उशी सोफ्याखाली सरकवली आणि शाल्मलीच्या पाठीशी साधी उशी लावली.

"स्वल्प मागं टेक. तू वाकून बाळाकडं जाऊ नको, बाळाला तुझ्याकडं आण."

आर्याचं पोट त्यांनी शाल्मलीच्या पोटाला लावलं, तिने तोंड मोठं उघडेपर्यंत वाट पाहिली आणि हनुवटी आधी टेकवून तिला जवळ घेतलं. कळ आली, पण दहा आकडे म्हणायच्या आत ओसरली. मग घोट गिळल्याचा बारीक आवाज आला. सोळा दिवसांत शाल्मलीने तो पहिल्यांदा ऐकला आणि तिला रडू फुटलं. शंतनुने हळूच विचारलं, हे तक्त्यात कुठून धरायचं?

"तुम्ही दुपटी धुवा," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि पिळून वाळत घाला."

चमत्कार वगैरे झाला नाही. ताप तीन दिवसांनी उतरला, आर्याचं वजन मात्र रडतखडत चढलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध वाटी-चमच्याने सुरू करावं लागलं. शाल्मलीने ते चार दिवस सासूबाईंपासून लपवलं. सगुणाबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "डब्यातलं प्यालं म्हणून पोर डब्याची होती काय?" रोज अकरा वाजता त्या सारू-भात, म्हणजे त्यांच्याकडचं सार आणि भात, घेऊन यायच्या आणि शाल्मली जेवेपर्यंत आर्याला मांडीवर घ्यायच्या. दीड महिन्याने आर्याचे गाल भरले. शंतनुने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. आईने लिहिलं, शेवटी घरच्यांचे सल्लेच कामी येतात. सासूबाईंनी त्यावर हात जोडले.

शाल्मलीने एकदा विचारलं, "अक्का, तुमच्या रम्याचं बाळंतपण तुम्हीच केलं असेल ना?"

रम्या ही सगुणाबाईंची एकुलती मुलगी, टोरोंटोला असते.

"गेल्या वर्षी बाळंत झाली ती. मला व्हिसा दिला नाही, दोन वेळा. मग मी फोनवर सांगायची, असं धर, तसं धर. एकदा ती म्हणाली, अम्मा, तुला बोलायला काय जातंय, दुखतंय मला. आणि फोन ठेवला."

"मग?"

"मग काय. आठ दिवस तिने फोन उचलला नाही. तिच्याजवळ कोणी नव्हतं. सरी, असू दे, झालं ते झालं."

शाल्मलीला काहीतरी धीराचं बोलावंसं वाटलं. पण तोंडात येत होते ते सगळे सल्लेच होते. ती उठली आणि तिने दोघींचा चहा टाकला.