काठातले शिशाचे मणी

मी एक जुना पांढरा झगा आहे. पांढरा म्हणायचे ते सवयीने. पाठीवर बुरशीचे ठिपके आले आहेत, गळ्याशी पिवळेपणा धरला आहे, आणि मी ज्या कपाटात टांगलेला आहे त्याचे दार दोन हिसके दिल्याशिवाय उघडत नाही. मित्रांनो, तुमचे कपडे ऊन पाहतात, बाजार पाहतात, लग्नकार्ये पाहतात. माझे काम एवढेच की माणसाबरोबर पाण्यात जायचे आणि त्याच्याबरोबर वर यायचे. एका माणसाच्या आयुष्यात मी फार तर पाच मिनिटे असतो. त्या पाच मिनिटांत मी एकदा एका बाईचे फार मोठे नुकसान केले. ते सांगून टाकावे आणि मग खुशाल विरून जावे, असे हल्ली वाटते.

समार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आमचे मासेमारांचे गाव आहे. तिथे मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचे लहानसे प्रार्थनाघर आहे. तिथल्या सिस्टर मेडिंगने (आमच्यात सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात) मला पडद्यासाठी आणलेल्या कापडातून शिवले. तिच्या मशीनला पायडल होते आणि जिभेला लगाम नव्हता. शिवताना ती मला सांगायची, "नीट वाग हं. तुझ्यात माणसं देवाला भेटायला जाणार आहेत." मी अगदी फुशारून गेलो होतो.

आमच्याकडे बाप्तिस्म्याचा नियम असा, की माणसाने हौदात पूर्ण बुडले पाहिजे. केसाची बट, पायाचा अंगठा, कपड्याचे टोक, काहीही वर राहिले, तर काठावर उभे असलेले दोन साक्षीदार मान हलवतात आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. माझ्या पहिल्याच दिवशी पावाची भट्टी चालवणारी सोलिंग मला घालून पाण्यात उतरली आणि माझ्यात हवा भरली. मी टम्म फुगून वर आलो. पुन्हा बुडवले, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी सोलिंग नाकातले पाणी पुसत म्हणाली, "अहो, मी पावसुद्धा कॉफीत एकदाच बुडवते." आमच्यात चहा-कॉफी वर्ज्य, म्हणून साक्षीदार म्हणाला, "कॉफी सोडलीस ना पण तू?" सगळे प्रार्थनाघर हसले. सोलिंगही हसली. मी लाजून चूर झालो.

त्या संध्याकाळी मेडिंगने नवऱ्याच्या जुन्या जाळ्याचे शिशाचे सात मणी काढले आणि माझ्या खालच्या काठात टाके घालून बसवले. त्यानंतर मी कधी वर आलो नाही. जो तो म्हणे, झगा असावा तर असा. सात वर्षे माझी अशी मजेत गेली.

मग एल्डर विडिसन आला.

आमच्यातले तरुण दोन वर्षे घर सोडून परमुलखात धर्म सांगत फिरतात. जोडीने राहायचे, जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचे नाही, घरी पत्र लिहायचे ते सोमवारी, आणि दर सहा आठवड्यांनी बदली होईल की काय म्हणून जीव टांगणीला. त्यांना एल्डर म्हणतात, म्हणजे वडीलधारा. मिसरूड न फुटलेल्या पोराला वडीलधारा म्हणताना गावातल्या म्हाताऱ्यांना हसू आवरत नसे. विडिसन अमेरिकेतल्या बटाट्याच्या शेतावरून आलेला, एकोणीस वर्षांचा. नाकाची साले निघालेली, सदऱ्याच्या खिशावर नावाची काळी पट्टी. त्याचा जोडीदार एल्डर मगबानुआ याच देशातला, इलोइलो शहराचा, बोलायला कमी आणि जेवायला पुढे. चौदा महिने उन्हातान्हात सायकल हाणून विडिसनच्या हातून एकाही माणसाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. कुत्री मात्र तीन वेळा चावली होती.

आणि मग त्याला नानाय पुरिंग भेटली. नानाय म्हणजे आई. ती केळीच्या पानात गुंडाळलेला गोड भात विकायची. मोठ्या वादळात समुद्र गावात शिरला, तेव्हा तिच्या सात वर्षांच्या मायलिनचा हात तिच्या हातातून सुटला. पोर सापडलीच नाही. त्याला आता तीन वर्षे होत आली होती. ज्यांची माणसे पुरली आहेत ते मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, थडग्यावर मेणबत्ती लावतात. नानायला थडगे नव्हते. ती मोडक्या धक्क्यापाशी वाळूत मेणबत्ती लावून बसायची. मायलिन गेल्यापासून तिने समुद्रात पाऊल घातले नव्हते. अंघोळही ती लोट्याने, डोक्यावर पाणी न घेता करायची.

एक दिवस विडिसन मला घेऊन तिच्याकडे गेला. घालून बघा म्हणाला. तिने मला खिडकीजवळ टांगले आणि म्हणाली, "राहू दे इथं थोडे दिवस. ओळख तरी होऊ दे आमची." म्हणून मी तीन आठवडे तिच्या घरात राहिलो. माझ्या आयुष्यातले तेच तीन आठवडे मी घरातल्या कपड्यासारखा राहिलो.

पोरे रोज दुपारी यायची. ती त्यांना आल्याचे गरम पाणी द्यायची.

"चहा नाही, कॉफी नाही, माडी तर नाहीच," ती म्हणायची. "मग तुम्ही पोरं भांडता तरी कशावर?"

"हा रात्री घोरतो, त्यावर," मगबानुआ म्हणायचा.

"आणि तुझं नाक बघ रे, एल्डर. जत्रेतला भाजलेला डुक्कर बरा. तुझ्या आईनं बघितलं तर मला शिव्या देईल."

विडिसन हसायचा. त्याची भाषा अडखळती होती, पण तिचे बोलणे त्याला कळायचे. तो तिच्या घरचे पाणी भरायचा, छपराचा पत्रा ठोकायचा. त्याचा तिच्यावर जीव होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढचे ऐकून तुम्ही त्याला वाईट ठरवाल, म्हणून आधीच सांगतो.

एकदा तिने विचारले, "तू म्हणालास, मेल्यावरही घरची माणसं एकत्र राहतात. ते खरं ना?"

"खरं आहे, नानाय."

"आणि जिचं थडगं नाही तिचं?"

"तिचंही."

ती बराच वेळ माझी बाही चाचपत बसली. मग म्हणाली, "तर मी पाण्यात जाईन. माडी सोडलीच आहे, हेही करीन. पण मृतांचा दिवस होऊ दे. तिच्याजवळ बसून तिला सांगते, की तुझी आई पाण्यात उतरणार आहे. मग येणारा शनिवार."

मित्रांनो, एवढेच मागितले होते तिने. एक आठवडा.

पण दोन नोव्हेंबरचा बुधवार हाच बदलीचाही दिवस होता. विडिसनचे नाव यादीत आले. लांब, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. ते कळले त्याच दिवशी तो घाम पुसत नानायकडे आला.

"नानाय, या शनिवारी करू या का? नंतर मी नसेन. दुसराच कुणी तुम्हाला पाण्यात नेईल."

तिने हातातले पान खाली ठेवले. "आणि तिला सांगायचं राहील त्याचं?"

"तिला माहीत असेल, नानाय. ती बघत असेल."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात तिला नको होता, हे खरे. आणि पोराचा चेहरा इतका आशाळभूत होता, की तिच्याने नाही म्हणवले नाही. "बरं," ती म्हणाली. त्या बरंमध्ये काही बरे नव्हते, हे माझ्यासारख्या कापडाला कळले.

तिच्या चुलीचा धूर मला लागला होता, म्हणून तो मला धुवायला घेऊन गेला. शिशाने माझ्या काठावर करडे डाग पडले होते. नानायचा झगा निष्कलंक हवा, म्हणून त्याने टाके उसवले, सातही मणी काढून सार्डिनच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि मला ब्रशने घासघास घासले. इतके प्रेमाने मला कुणी धुतले नव्हते.

"मणी परत लाव हं," मगबानुआ म्हणाला.

"मेडिंगकडून सुई आणतो उद्या."

मेडिंग लेकीकडे शहरात गेली होती. शुक्रवारी मगबानुआने पुन्हा आठवण केली. "सात मण्यांनी काय होतंय रे," विडिसन म्हणाला. मग थोड्या वेळाने मगबानुआच म्हणाला, "ती थांब म्हणाली होती. थांब ना. मी आहे इथं, मी करीन."

"चौदा महिने झाले मला. निदान हिला तरी मी स्वतःच्या हातानं नेऊ दे."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तुमच्याकडे म्हणतात ते उगीच नाही.

शनिवारी सकाळपासून हौद भरायला लावला होता. तोटीला जोर नव्हता. दुपारी पाणी छातीपर्यंत आले. नानाय मला घालून पायरीवर उभी राहिली. पाण्याला पाय लागताच तिने मला मुठीत आवळले. विडिसनने तिचा हात धरला, बाप्तिस्म्याचे शब्द न चुकता म्हटले आणि तिला मागे झुकवून बुडवले.

आणि मी वर राहिलो.

काठात वजन नव्हते. हवा भरली आणि माझा घेर पाण्यावर पसरला. साक्षीदाराने हळूच मान हलवली. "कपडा वर आहे, एल्डर. पुन्हा."

ती खोकत उभी राहिली. "काय चुकलं माझं?"

"तुमचं काही नाही, नानाय. एकदाच आणखी."

दुसऱ्या वेळी मी जिवाचा आटापिटा केला. पण कापडाच्या जिवात काय असते? मी पुन्हा वर. या वेळी कुणी हसले नाही. नानायचे ओठ पांढरे पडले होते. तिने त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "आता बास, बाळा. पुढच्या शनिवारी."

"झालंच, नानाय. झालंच आता."

तिसऱ्या वेळी त्याने एक हात तिच्या छातीवर ठेवला, दुसऱ्या हाताने माझा घेर गोळा केला आणि दोघांना खाली दाबले. मी बुडेपर्यंत तिला दाबून धरले. चार श्वासांचा वेळ असेल. पाण्याखाली तिने तोंड उघडले. ती काय ओरडली ते वर कुणाला ऐकू गेले नाही. मी तिच्या अंगावर होतो. मला ऐकू आले. तिने पोरीचे नाव घेतले होते.

साक्षीदारांनी होकाराची मान डोलावली. बाप्तिस्मा नियमाप्रमाणे झाला होता.

ती वर आली ती त्याच्या छातीवर गुद्दे मारत. मग एकदम शांत झाली, पायऱ्या चढली आणि मला तसेच ओले अंगावर घेऊन रस्त्याने घरी चालत गेली. तिने मागे वळून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, डोक्यावर हात ठेवून तिला मंडळीत घ्यायचे होते. पुढची खुर्ची रिकामीच राहिली. ती आली नाही, आणि त्यानंतर कधीच आली नाही.

सोमवारी दोघे तिच्या दारात गेले. तिने मला वर्तमानपत्रात गुंडाळून विडिसनच्या हातात दिले. रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

"मी चुकलो, नानाय," तो म्हणाला. "थांबायला हवं होतं मी."

"तू लहान आहेस रे," ती म्हणाली. "मी पाण्याखाली डोळे उघडे ठेवले होते. तू म्हणाला होतास ना, ती बघत असेल. तिथं काही नव्हतं. नुसतं पाणी होतं आणि वरून कुणाचा तरी हात."

तिने दार लावून घेतले. आल्याचे पाणी त्या दिवशी कुणी विचारले नाही.

मंगळवारी विडिसनने शेजारणीकडून सुई आणली आणि खिडकीत बसून ते सात मणी परत माझ्या काठात शिवले. टाके वेडेवाकडे. बोटाला सुई टोचली, त्याचा एक तपकिरी ठिपका अजून माझ्यावर आहे. शिवता शिवता तो मगबानुआला म्हणाला, "मला वाटत होतं, मी इथं द्यायला आलोय." मगबानुआने दोऱ्याचे टोक धरून दिले. ते ऐकून घेणेही जोडीदाराचेच काम होते. एकोणीस वर्षांचे पोर त्या दुपारी मोठे झाले. असे मोठे होणे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

बुधवारी, मृतांच्या दिवशी, मोडक्या धक्क्यासमोरून त्याची बस सुटली. मला कपाटात ठेवताना मगबानुआ शहरातून परतलेल्या मेडिंगशी बोलत होता, ते मी ऐकले.

"ती होती का तिथं?" मेडिंगने विचारले.

"होती. वाळूत बसली होती. तो बसच्या खिडकीतून बघत होता."

"मेणबत्ती?"

"नव्हती. मी विचारलं, नानाय, आणून देऊ का? तर म्हणाली, कुणासाठी लावू?"

मेडिंगने माझा काठ उलटून ते वेडेवाकडे टाके पाहिले आणि कपाटाचे दार लावले.

तीन वर्षे त्या बाईजवळ दुसरे काही नव्हते, एक मेणबत्ती होती. आम्ही तिला सगळे स्वर्ग द्यायला निघालो आणि ती मेणबत्तीही घेऊन आलो.

दोन वर्षांनी विडिसनचे मेडिंगला पत्र आले. घरी पोचलो, बाबांबरोबर शेतावर असतो, असे काहीबाही होते, आणि शेवटी एक ओळ: नानाय पुरिंग प्रार्थनाघरात आल्या का? मेडिंगने ते पत्र माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. उत्तर लिहिले नाही.

आता नवे झगे आले आहेत, तयार शिवलेले, चेनवाले. मला कुणी काढत नाही. तक्रार नाही माझी. पण मित्रांनो, एक मागतो. कुणी तुम्हाला "थोडं थांब" म्हणाले, तर थांबा. तुम्हाला जायची कितीही घाई असो, ते माणूस कुणाची तरी वाट बघत असेल. तुमच्या हातून होणारे भले तुमच्या हातून झाले नाही, तरी चालते.

माझ्या काठात आज सातही मणी जागेवर आहेत, वेड्यावाकड्या टाक्यांत घट्ट. आता कुणी मला पाण्यात नेले, तर मी हवेने फुगणार नाही, सरळ तळाशी जाईन. पण नानाय पुरिंग आता पाण्याजवळही येत नाही, धक्क्यापाशीसुद्धा नाही.