एकोणऐंशी नंबरचा ठोकळा

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! माझ्या पोटात मसुराच्या डाळीएवढा मांसाचा तुकडा आहे आणि तो एका बेकरीवाल्याच्या अन्ननलिकेतल्या कर्करोगाच्या गाठीचा आहे. घराणं वाईट, हे मला मान्य आहे.

चार वर्षांपूर्वी बेकरीवाल्याला स्वतःचाच पाव गिळेना. ऑपरेशन झालं, गाठ निघाली. प्रयोगशाळेत मला वितळलेल्या मेणात बसवलं आणि माझ्यावर ७९ हा नंबर घातला. मग माझे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर रंगवले. "वा, काय सुरेख काप आलाय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आयुष्यात मला तेवढीच शाबासकी मिळाली. नंतर माझी रवानगी कपाटाच्या खणात झाली. तिथे दहा घरं पलीकडे ८९ नंबर राहायचा. तो कोणाच्या तरी डोक्यावरच्या साध्या चामखिळीचा, पण ताठा असा की विचारू नका.

यंदा बेकरीवाल्याचं दुखणं उलटलं. काही गाठींच्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन भरपूर असतं. ती खूण सापडली, तर नेमकं तिच्यावरच चालणारं औषध देता येतं. पण तपासायला गाठीचा तुकडा हवा. माझा तुकडा मिळाला नाही, तर पुन्हा घशातून नळी घालावी लागणार होती.

बेकरीवाल्याने हात जोडले. "डॉक्टर, इथे पाणी उतरत नाही, नळी कुठून उतरणार?"

प्रयोगशाळेत फोन आला. "एकोणऐंशी नंबरचा ठोकळा काढा." फोन घेणारी ताई कामाला चोख, पण मराठी आकड्यांशी तिचं जन्माचं वैर. तिने 'ऐंशी' ऐकलं, 'एकोण' म्हणजे नऊ असणार असं ठरवलं आणि ८९ उचलला! मी खणात बोंब ठोकली, पण मेणाचं कोण ऐकतो? चामखीळ ऐटीत निघाली. माझा जीव कासावीस झाला. चामखिळीत ती खूण कुठली? 'नाही' असा शेरा पडला असता आणि माझ्या माणसाचं औषध हुकलं असतं.

नशीब, डॉक्टरीणबाईंनी आधी साधा काप पाहिला.

"अगं, या माणसाच्या अन्ननलिकेत केस कधीपासून उगवायला लागले?"

"मॅडम, मी एकोणऐंशीच काढला. ऐंशी आणि नऊ!"

"एकोण म्हणजे एक उणा! ऐंशीला एक कमी!"

ताईने जीभ चावली. "अगं बाई! म्हणजे माझ्या आजीला मी उगाच दहा वर्षांनी म्हातारी केली!"

मग माझे काप निघाले आणि खूण सापडली. अहवालातला 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून बेकरीवाल्याच्या मुलीला रडूच फुटलं. डॉक्टरांनी तिला समजावलं, "अगं, इथे पॉझिटिव्ह म्हणजे औषध लागू पडण्याची आशा आहे."

"मग माझे किती दिवस उरले?" बेकरीवाल्याने विचारलं.

"तारीख मी सांगणार नाही. गाठ दांडगी आहे. पण आता तिच्याशी आंधळी कोशिंबीर खेळायची नाही."

दोन महिन्यांनी तो मुलीला घेऊन प्रयोगशाळेच्या दारात हजर! "आज दुधात भिजवून अर्धा पाव उतरला," तो ताईला म्हणाला. "जरा करपलेला होता. हल्ली भट्टी हिच्याकडे आहे ना!"

"बाबा!" मुलगी ओरडली आणि दोघंही हसत सुटली. मला इतका आनंद झाला की वितळायचाच बाकी होतो.

मित्रांनो, आम्हा जुन्या ठोकळ्यांना अडगळ समजून फेकू नका. आम्हाला थंड जागी, आपापल्या नंबरावर नीट ठेवा. माझ्यात आता जेमतेम चार काप उरलेत. बेकरीवाल्याला त्यांची गरज पडू नये, असं मला मनापासून वाटतं. पण पडलीच, तर तेही खुशाल काढा. मी गाठीत जन्मलो हे खरं, पण आहे तर त्याच्याच अंगाचा.