सत्यभामाचा पाय

इतिहासाचा पेपर हातात पडला तरी सत्यभामाच्या कानात गौरीशंकरांचंच बोलणं घुमत होतं.

"बाई, शाळांच्या गणवेशाची ऑर्डर आलीय. दिवसभर बसता का न्हाय, ते आज सांगा. न्हाईतर मशीन दुसरीला देतो."

परंड्याच्या बाजारात गौरीशंकरांच्या दुकानात ती लग्न झाल्यापासून शिवायला बसत होती. यंदा मुलगी नोकरीला लागली आणि सत्यभामानं बारावीचा जुना निकाल शोधून बी.ए.ला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारी मशीन. आजची ही पहिलीच चाचणी. हिच्यात दोन पानं तरी लिहिता आली तर शिकायचं, नाही आली तर मुकाट्यानं मशीनवर परत जायचं, असं तिनं कुणालाही न सांगता ठरवलं होतं.

पहिला प्रश्न जुन्या बाजारपेठांचा होता. पाठ होता, पण पेन पुढं सरकेना. मग बाकाखाली तिचा उजवा पाय हलायला लागला. टाच वर, टाच खाली, शिलाई मशीनचं पायडल मारल्यासारखा. पायाबरोबर शब्द सुटले. एक ओळ, दुसरी ओळ.

"मावशी," त्याच बाकावर शेजारी बसलेली निकिता कुजबुजली, "बाक हाय का कुर्डुवाडीची बस? माझं अक्षर बघा की वो!"

मागची पोरं खिदळली. सत्यभामानं पाय थांबवला, आणि शब्दही थांबले. तिनं डाव्या पायानं उजवा दाबून धरला, तर पोटरीत मुंग्या आल्या. अर्धं वाक्य कागदावर तसंच राहिलं. आजूबाजूला सगळ्यांची पेनं चालत होती. उठून निघून जावं, पोट दुखतंय म्हणावं, की संपलं.

ती उठली. पर्यवेक्षक सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"झालं एवढ्यात?"

"न्हाय सर. माझा पाय थांबत न्हाय. पाय थांबला की डोकं बी थांबतंय. न हलणारी जागा द्या कुठंतरी."

वर्ग हसला. सरांनी खोलीभर नजर फिरवली. न हलणारं एकच होतं, फळ्यासमोरचं त्यांचं लोखंडी टेबल.

"हितं बसाल? सगळ्यांसमोर?"

पुढून टेबल उघडं होतं. पाय सगळ्यांना दिसणार होता. सत्यभामानं पेपर उचलला, पायरी चढली आणि सरांच्या खुर्चीत बसली.

पाय सुरू झाला. कुणीतरी तोंडानं मशीनचा आवाज काढला. तिचे कान तापले, पण मान वर झाली नाही. बाजारपेठा, व्यापारी, कापडाचे तागे. थोड्या वेळानं पोरंही आपापल्या पेपरात बुडाली. घंटा झाली तेव्हा ती तिसऱ्या पानावर होती. बरोबर किती, चूक किती, देव जाणे.

"मावशी, उद्या बी वरच बसा," निकिता दारात म्हणाली. "बाक सुटंल एकदाचं माझं."

"बसते की. तू खाली नीट लिही म्हंजे झालं."

फाटकापाशी फोन वाजला.

"काय ठरलं, बाई?" गौरीशंकरांनी विचारलं.

"उद्या भूगोलाचा पेपर हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे दुपारूनच येणार, रोजच्यासारखी. मशीन कुणाला द्यायची ते तुम्ही बघा."

ती फोन कानाला लावून त्यांच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली. खाली तिची टाच मातीवर आपटत होती.