सोयरिकीसाठी काढलेला दाखला

१९६७ साली माझ्या थोरल्या भावाने गल्लीतल्या शिंप्याला त्याच्याच इस्त्रीने ठार मारलं. भरदुपारी. शिंपी माझ्या लग्नाचे कपडे शिवत होता. भावाला वाटलं, हा अस्तराच्या आत आपलं नाव शिवतोय. मी दुकानाच्या दारातून पाहिलं.

भावाला वेड लागून चार वर्षं झाली होती. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. "जरा तापट आहे, एवढंच," वडील सांगत.

आम्ही तेव्हा राहायचो त्या परमुलखात खुनाचा निवाडा शरियतीने, म्हणजे इस्लामी कायद्याने, काझी करत. आमच्या वकिलांनी धीर दिला. "शरियतीत वेड्याला प्राणदंड नाही. जगातले बहुतेक कायदे हेच म्हणतात. फक्त वेड सिद्ध व्हायला हवं."

काझीसाहेबांसमोर वडील म्हणाले, "पोरगा ठार वेडा आहे हो."

सरकारी वकिलांनी एक कागद पुढे केला. डॉक्टरचा दाखला : मुलगा मनाने पूर्ण निरोगी. खाली वडिलांचीही सही. तारीख खुनाच्या नऊ दिवस आधीची.

त्यांनी वडिलांना विचारलं, "काका, नऊ दिवसांत वेड लागलं? सर्दी बरी व्हायलाही एवढे दिवस लागतात."

माझ्या होणाऱ्या सासरच्यांनी "घराण्यात वेड नाही ना?" असं विचारलं, म्हणून वडिलांनी ओळखीच्या डॉक्टरकडून तो लिहून घेतला होता. पोलिसांनी सासऱ्यांकडून तो नेला. सासरे मागच्या बाकावरच होते. रागाच्या भरात कुणाचाही हात उठतो, वेड मात्र रक्तात उतरतं, असं त्यांचं मत. वडिलांचं आताचं बोलणं त्यांना वकिली बतावणी वाटत होती, म्हणून सोयरीक अजून टिकून होती.

पोटच्या पोराचा जीव जातोय, आणि दाखला खोटा आहे हे बाप कबूल करेना!

मी उठले. "काझीसाहेब, दाखला खोटा आहे. माझ्या लग्नासाठी काढलाय."

"खाली बस, कार्टे!" वडील ओरडले.

"बोलू द्या तिला," काझीसाहेब म्हणाले. "पुरावा काय?"

"घरी चला. त्याच्या खोलीला कडी बाहेरून आहे."

काझीसाहेब खरंच आले. कडी पाहिली, पलंगाखाली, आपलं नाव शोधत भावाने चार वर्षं कपड्यांतून फाडून काढलेलं अस्तर पाहिलं. मागून शिंप्याची बायको आली होती.

"चार वर्षं कडी लावलीत," ती म्हणाली, "मग त्याच दिवशी का काढलीत?"

"पाहुणे यायचे होते," आई पुटपुटली.

भाऊ वाचला, वेड्यांच्या इस्पितळात एकसष्टाव्या वर्षी गेला. डॉक्टरचा परवाना गेला. सोयरीक त्याच संध्याकाळी मोडली. वडील माझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. आईने त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी पुढे एका विधुर मास्तरांशी लग्न केलं, सुखाने नांदले.

शिंप्याच्या बायकोने दुकान चालवून दोन मुली शिकवल्या. आम्हाला माफ केल्याचं ती कधी बोलली नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.