टाकलं तरी न पडणारं

मित्रांनो, मी तळहाताएवढा एक जुना ड्रोन आहे. चार पाती, त्यांभोवती प्लास्टिकची चार कडी आणि पोटात एक बॅटरी. एक कडं तडकलेलं आहे. सामोआतल्या एका गावात, भिंती नसलेल्या घरात, तुळईला टांगलेल्या टोपलीत मी राहतो. सुखदुःख मला फारसं कळत नाही. वारा, उंची आणि बॅटरीत उरलेला जोर एवढं कळतं. तेव्हा घडलं तेवढंच सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. शेकडो भावंडं एका साच्यातून निघाली आणि समुद्रापार पांगली. मी राजधानीत, आपियातल्या एका दुकानात पोचलो. माझ्या शेजारी कॅमेरा लावलेला एक मोठा, झगमगीत ड्रोन होता. सगळ्यांची नजर त्याच्यावरच जाई. लोसा वडिलांना आणि आपल्या मुलीला, सिएनीला घेऊन आली, तेव्हा तिचीही गेली.

"हाच घेऊ, बाबा. घ्यायचाच तर चांगला घेऊ."

"चांगला म्हणजे कोणासाठी? शेजाऱ्यांना दाखवायला?" मुलिआगा आजोबा म्हणाले. मग ते दुकानातल्या बाईंकडे वळले. पात्यात बोट गेलं तर? पातं मोडलं तर नुसतं पातं मिळतं का? आणि शेवटी, "पोरीने मध्येच टाकून दिलं तर?"

"काय टाकून दिलं तर?"

"हातात असेल ते. ही दचकली की सगळं टाकते. परवा नारळाच्या दुधाचं पातेलं टाकलं."

"आजोबा! सगळ्यांना सांगता तुम्ही!"

बाईंनी मला उडवलं आणि रिमोट चक्क गल्ल्यावर ठेवून दिला. मी होतो तिथेच हवेत थांबलो. मला तसंच बनवलं आहे.

आजोबा पोट धरून हसले. "हेच द्या. टाकलं तरी न पडणारं!"

माझं शिक्षण घराच्या खांबांमध्ये झालं. म्हणजे शिकत सिएनी होती, आपटत मी होतो. आधी गुडघ्याएवढी उंची, मग पुढे-मागे, मग वळणं. आजोबा चटईवर मांडी घालून बसत आणि समोरच्या नारळाकडे बघत. "झावळी हलतेय. आज नाही." मी वजनाला हलका. वारा मला कुठेही नेईल, हे त्यांना न उडवताच कळत होतं.

या गावात संध्याकाळी शंख वाजला की सगळं थांबतं. घरातले घरात प्रार्थनेला बसतात. वाटेवर असेल त्याने वाटेवरच थांबायचं. दुसरा शंख वाजेपर्यंत कोणी हलायचं नाही. शंख फुंकायचा मान आजोबांचा. त्यामुळे गावच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना टोकलंच. "मुलिआगा, शंख तुझा आणि ही गुणगुणणारी माशीही तुझ्याच घरची?"

"प्रार्थनेत तिचा आवाज आला, तर मी स्वतः समुद्रात फेकेन," आजोबांनी शब्द दिला.

वेळ आली नाही. शंख आणायची वेळ झाली की ते गुडघ्यावर हात टेकून उठत. ते उठले की सिएनी मला उतरवी. इतका साधा करार होता.

पुढे आजोबांचा दम उणा झाला. शंख आखूड वाजू लागला. एका सकाळी ते उठले नाहीत. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना घरासमोरच पुरलं आणि वर चुन्याचा पांढरा ओटा बांधला. शंख त्यांच्या मुलाकडे, पेसामिनोकडे गेला. लोसाने मला चटयांच्या पेटीत ठेवलं. "नंतर," एवढंच ती म्हणाली. बरेच दिवस ती अळकुड्या पहिल्याइतक्याच उकडत होती. एका माणसाचा वाटा उरे. सकाळी तो गार वाटा ती स्वतःच खाऊन टाकी.

पेटीत माझी बॅटरी मरत चालली होती. न वापरलेली बॅटरी मरते, मित्रांनो. एका संध्याकाळी सिएनीने मला काढलं, चार्ज केलं आणि अंगणात उडवलं. झावळी हलत नव्हती. ओट्याच्या वर आलो तोच शंख वाजला. त्याआधी आजोबांसारखं कोणी उठलेलं तिला दिसलं नव्हतं. ती दचकली, रिमोट वाळूत टाकला आणि घरात पळाली.

मी थांबलो. मला तसंच बनवलं आहे.

गाव मुकं झालं होतं आणि मी गुणगुणत होतो. घरांना भिंती नाहीत, त्यामुळे मी सगळ्यांना दिसत होतो. लोसा अर्धी उठली. बाहेर यावं तर वडिलांनी जन्मभर राखलेला नियम मोडतो, न यावं तर त्यांचा शब्द जातो. ती पुन्हा बसली आणि जरा मोठ्यानेच स्तोत्र म्हणू लागली. सिएनीने तोंड तिच्या मांडीत खुपसलं. माझा जोर सरत आला, तसा मी आपोआप सावकाश खाली आलो आणि ओट्यावर टेकलो.

दुसऱ्या शंखानंतर पेसामिनो अंगणात आला. शंख काखेतच होता. त्याने मला उचललं.

"ताई, बाबांचा शब्द आठवतो ना?"

"आठवतो," लोसा म्हणाली. "ने."

"मामा, नको!" सिएनी रडत म्हणाली. "शंख वाजला म्हणूनच मी टाकलं! मी थांबले. तेही थांबलं."

पेसामिनोने मला उलटसुलट करून पाहिलं. समुद्राकडे पाहिलं. मग ओट्याकडे.

"थांबलं खरं," तो म्हणाला. "शेजारचा तो कोरी, शंख वाजल्यावरही डुक्कर हाकत पळत होता. मी पाहिलं. आणि हे जागचं हललं नाही. नियम पाळणाऱ्याला बुडवू कसा?"

"आणि आवाज?"

"आवाज ना? तुझ्यापेक्षा सुरात होतं."

लोसा हसली. हसता हसता तिने कमरेला गुंडाळलेल्या लावालावाचं टोक पदरासारखं डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाली, "उद्यापासून आधी उतरवायचं. मी सांगेन कधी."

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी घरी आणायचा असेल, तर तो किती उंच जातो हे मागाहून विचारा. हातून सुटला तर काय करतो, हे आधी विचारा. पात्यांतली वाळू पुसत जा. आणि कोणाची आठवण येते म्हणून आम्हाला पेटीत बंद करू नका. आमची बॅटरी तेवढी टिकत नाही.

हल्ली संध्याकाळी लोसा आजोबांच्या चटईवर बसते. वेळ झाली की गुडघ्यावर हात टेकून उठते. तिला शंख आणायचा नसतो. ती नुसती उठते. आणि सिएनी मला उतरवते.