भक्तीच्या पाठीवरची गाठ

"गाठ बैलाच्या वशिंडावर असू द्या का माणसाच्या मानंवर, ह्या बोटाला नुसती लागू द्या. कशाची हाय, कवा आली, कवा जाती, समदं सांगतो. आजवर एकबी गाठ ह्या बोटाला फसवून गेली न्हाई."

असं म्हणून बन्सीधरनं उजव्या हाताचं बोट वर केलं. ओट्यावर बसलेल्या चार-पाच जणांनी अदबीनं बोटाकडं बघितलं. मग त्यानं सात महिन्यांच्या नातीला, भक्तीला, मांडीवर पालथं घातलं, झबलं वर सारलं आणि बोट जाग्यावर नेलं.

गाठ नव्हती.

पाठ होती, चांगली गुबगुबीत. उजव्या खांद्याच्या खाली वाळलेल्या चहाच्या थेंबासारखा एक फिका डागही होता. तो पहिल्यापासूनच होता. पण सकाळी आंघोळीनंतर सगळ्या घरानं बघितलेली, हरभऱ्याएवढी लालभडक गाठ कुठं गेली ते त्या पाठीलाच माहीत. बन्सीधरनं झबलं खाली घेतलं, परत वर सारलं. पोरगी उलटी करून पोटसुद्धा बघून घेतलं.

"कुटं हाय वं तात्या?" शेजारच्या सितारामनं विचारलं.

"हुती. आत्ता हुती."

"तुमच्या बोटाला घाबरली आसंल."

सगळे हसले. भक्तीही हसली. बन्सीधरला वाईट वाटलं ते तिच्या हसण्याचं.

ही गाठ महिनाभर घराला नाचवत होती. यायची, तास-दोन तास राहायची, जायची. पोरीला ताप नाही, खोकला नाही, दूध पिणं चालू. पण आई म्हटल्यावर एवढ्यावर जीव थोडाच ठिकाणावर राहतो? राजेश्री दर घडीला झबलं वर करून बघायची. तिची सासू तानुबाई बघायची. मग बातमी पसरली आणि गल्ली बघायला लागली. आता आपल्याकडं बघणं हे काही डोळ्यांचं काम नाही. शेतातलं कणीस असो, बाजारातलं वांगं असो, का दुसऱ्याचं लेकरू असो, बोटानं दाबल्याशिवाय बघितल्यासारखं वाटत नाही. जो यायचा तो दाबायचा, जरा चोळायचा आणि म्हणायचा, "लालच हाय की गं."

तानुबाईनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या अशा तडकल्या की घर खोकत खोकत अंगणात आलं, आणि नजर लावल्याचा संशय जिच्यावर होता ती समोरची बाई मदतीला पाणी घेऊन धावली. मग दोष दुधावर गेला. राजेश्रीच्या ताटातून आधी वांगं गेलं, मग शेंगदाणे गेले, मग लोणचं. गाठीला काही फरक पडला नाही. राजेश्री मात्र निम्मी दिसायला लागली.

भक्तीच्या बापानं, गोपाळनं, मोबाईलवर गाठीचा फोटो काढला आणि ओळखीच्या कंपाउंडरला पाठवला. निदान त्याला तसं वाटलं. फोटो गेला शेतकऱ्यांच्या ग्रुपवर. "मोसंबीवर खैऱ्या रोग पडलाय भाऊ, बोर्डो फवारा," असं लगेच उत्तर आलं. दुसऱ्यानं लिहिलं, "बाग लय दाट केली काय?" गोपाळनं फोटो काढून टाकला, तरी पुढं दोन दिवस लोक त्याला बागेची खुशाली विचारत होते. त्याच्याकडं मोसंबीचं एक झाडही नाही.

शेवटी राजेश्रीनं हट्ट धरला आणि सकाळी आंघोळ झाल्या झाल्या, गाठ चांगली टपोरी असताना, नवरा-बायको भक्तीला घेऊन परभणीच्या एसटीत बसले. पोरगी आईच्या मांडीवर सारा रस्ता झोपली. लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला पालथं घातलं, चष्मा वर केला, खाली केला.

"कुठं आहे?"

"येताना होती साहेब," गोपाळ म्हणाला. "ताडकळसला बसलो तवा होती."

"हा तर नुसता डाग आहे. गाठ आली की आणा."

आली की कशी आणणार? गाठ एसटीच्या वेळापत्रकात बसत नव्हती. परत आल्यावर फाट्यावरच तानुबाईनं नात उचलून घेतली, "काय म्हनला गं डाक्टर, माझी बय ती?" असं म्हणत पाठीवरून हात फिरवला, चोळला, आणि घरी पोचेपर्यंत गाठ हजर.

"बगितलं?" बन्सीधर म्हणाला. "डाक्टरसमोर लपती अन घरी येती. ही दवाखान्याची गाठच न्हवं. हिला बिब्बाच पायजे. येत्या बाजारी आनतो. दाभनानं टोचायचा, दिव्यावर धरायचा, एकच ठिपका. जिंदगीत परत येनार न्हाई. बैलाला दिलाय, गोपाळला दिलाय."

"आन मला काय झालं हुतं?" गोपाळनं विचारलं.

"काय का झालं आसंना. बरं झालं की न्हाई?"

राजेश्रीच्या स्वतःच्या पोटावर असाच एक डाग होता, लहानपणी चुडाव्याला आजोबांनी लावलेल्या बिब्ब्याचा. भाजलेली कातडी तिथं अजून चकाकते. तिला काय झालं होतं, ते तिच्या माहेरी आता कुणालाच आठवत नव्हतं. बिब्बा मात्र सगळ्यांच्या लक्षात होता. तेव्हा तू कशी किंचाळली होतीस, हे तर लोक अजून हसत हसत सांगायचे.

मधल्या दिवसांत तानुबाई भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सोनपेठला गेली. रोज भक्तीला न्हाऊ घालायचं काम तिचंच. दोन्ही पाय लांब करून त्यावर नात घ्यायची, कोमट तेल, वर बेसन, आणि असा दणकट हात की बघणाऱ्याचं अंग मोकळं व्हावं. गाठ दिसायला लागल्यापासून ती त्या जागेला जरा जास्तच चोळायची. गाठ विरघळावी म्हणून. आता सासू नाही, स्वयंपाकाची घाई, म्हणून राजेश्रीनं नुसतं तेलाचं बोट लावलं, पाणी ओतलं आणि पोरगी पुसून काढली.

गाठ आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. राजेश्रीला बरं वाटण्याऐवजी चुकल्यासारखं व्हायला लागलं. घरात रोज येणारं कुणी आलं नाही की होतं तसं.

तानुबाई परतली ती पाय धुवायच्या आधी नातीकडं. खुरपणी करून करून तिचे तळवे खरबरीत झालेले. त्या तळव्यांनी तिनं पाठ चोळली तशी भक्ती खदखदून हसली. आईजवळ असं ती कधी हसायची नाही. राजेश्री बाजूला उभी राहून बघत होती. हसू चालू असतानाच तो फिका डाग लाल झाला, फुगला, वर आला.

आता हे सांगायचं कसं? सासू वाईट असती तर सोपं होतं. तिच्या मायेनंच पोरीला गाठ येते, हे वाक्य राजेश्रीनं चुलीपुढं बसून निरनिराळ्या तऱ्हेनं जुळवून बघितलं. दर वेळी ते शिवीसारखंच ऐकू आलं. तिनं ते नवऱ्याकडं दिलं.

"आत्यांच्या चोळण्यानं येती ती. म्या बगितलंय."

"मंग सांग की आईला."

"तुमची आई हाय."

"म्हनूनच तर तू सांग."

अशा रीतीनं कुणीच सांगितलं नाही आणि बाजाराचा दिवस आला.

बन्सीधरनं ताडकळसच्या बाजारात सुंठ-वावडिंग विकणाऱ्या बाईकडून दाबून दाबून एक रसदार बिब्बा निवडला. दुपारी अंगणात पाट मांडला, दिवा लावला, बिब्ब्याला दाभण टोचून काळं तेल सुटतंय का ते बघितलं. सुटत होतं. सिताराम तर निमंत्रण नसताना पुढं येऊन बसला होता.

"आन गं पोरगी."

राजेश्री आली. भक्तीला तिनं सकाळपासून जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून स्वतःजवळच ठेवलं होतं. सासूला आंघोळीचंही तिनं "आज सर्दी हाय" म्हणून टाळलं होतं. सर्दी नव्हती. ती पाटावर बसली, पोरीला मांडीवर पालथं घेतलं आणि झबलं वर केलं. मग तिनं सासऱ्याकडं बघितलं.

"मामा, बिब्बा गाठीवरच लावनार ना?"

"मंग कुटं लावनार?"

"गाठ दाखवा. मंग लावा."

बन्सीधरनं वाकून बघितलं. फिका डाग. बाकी पाठ साफ.

"यील की. हितंच तर यायलीय रोज."

"आली की लावा. म्या बसलेली हाय."

सगळे बसले. लेकराच्या पाठीकडं एवढी मोठी माणसं टक लावून बसलीत, असं त्या अंगणात कधी झालं नव्हतं. दिवा जळत होता. एक कोंबडी येऊन सगळ्यांकडं बघून गेली. तानुबाईचा हात दोनदा पुढं आला. दोन्ही वेळा राजेश्री पोरीसकट जराशी मागं सरकली. गाठ काही येईना.

"दिव्यातलं तेल चाललं की तात्या," सिताराम म्हणाला.

"तू गप रं." बन्सीधरचे गुडघे दुखायला लागले होते. हातात तापवलेला बिब्बा, समोर सिताराम, आणि बोटाची इज्जत दुसऱ्यांदा जायच्या बेतात. तो तानुबाईवर खेकसला, "आगं, नुसती बगत काय बसलीस? चोळ जरा तितं. चोळल्याबिगर येती का ती!"

सितारामनं तानुबाईच्या हातांकडं बघितलं.

आपण काय बोललो ते बन्सीधरला सगळ्यात शेवटी कळलं. तो तोंड उघडं ठेवून थांबला, जणू ते वाक्य परत आत घेता येईल. गोपाळनं मान खाली घातली. राजेश्रीनं कुणाकडंच बघितलं नाही. झबलं खाली ओढलं फक्त.

तानुबाईनं आपले दोन्ही तळवे उलटे करून बघितले. मग सुलटे केले. मग पदराला पुसले, काही लागलेलं नसताना.

"तुला मालूम हुतं?" तिनं हळू विचारलं.

राजेश्रीनं होय म्हणून मान हलवली.

"मंग सांगितलं कामून न्हाई गं?"

"ती हसती ना तुमच्याजवळ," राजेश्री म्हणाली आणि एवढा वेळ न रडलेली ती आता रडली.

तानुबाई उठली, दिवा फुंकर मारून विझवला आणि नवऱ्याकडं हात केला. "द्या तो बिब्बा हिकडं."

"टाकला," बन्सीधर म्हणाला. टाकला नव्हता. पैसे देऊन आणलेली वस्तू टाकायची त्याला सवय नव्हती. बायकोचा हात दिसताच त्यानं तो घाईघाईनं पाठीमागं धोतराच्या कमरेत खोवला होता.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून परभणीला गेले. एसटीत गर्दी होती; बन्सीधर कोपऱ्यात दाबून बसला होता. डॉक्टरांपुढं राजेश्रीनं पोरीला पालथं घातलं आणि म्हणाली, "साहेब, आज गाठ न्हाई. पन बोलवता येती." तिनं बोटाच्या पाठीनं त्या डागावर हलकेच चोळलं. डॉक्टर बघत राहिले. जरा वेळानं गाठ आली.

डॉक्टर खुर्चीवरून उठले. त्यांनी सांगितलं की काही लेकरांना असं असतं, त्या डागात काही पेशी जास्त गोळा झालेल्या असतात, घासलं की चिडतात, फुगतात. एवढी एकच जागा असली तर बहुतेक वेळा मोठं होता होता कमी होतं. अंगावर आणखी डाग आले, फोड आले, पोरगी मलूल झाली तर लगेच आणायचं. नाहीतर तिथं चोळायचं नाही, काही लावायचं नाही, दाबायचं नाही.

"मंग करायचं काय?" बन्सीधरनं विचारलं.

"काही नाही."

"काई न करायला एवढ्या लांब आलो?"

"ते सगळ्यात अवघड असतं, बाबा."

"पन हिलाच आली कामून?"

"ते मलाही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. बन्सीधरला एकदम बरं वाटलं. फसलेलं बोट आपलं एकट्याचंच नाही, हे कळल्यावर परतीच्या एसटीत तो निवांत झोपला, चांगला रेलून.

आता तानुबाई भक्तीला न्हाऊ घालते, पण त्या जागेशी आली की हात उचलते. गाडीनं खड्डा चुकवावा तसा. बघायला येणाऱ्यांना ती आधीच दरडावते, "डोळ्यानं बगा. डोळं दिलेत ना?" पोरगी अजून तिच्याजवळच जास्त हसते, तळपायाला चोळलं तरी हसते, असं निघालं. राजेश्रीच्या ताटात वांगं परत आलं.

परभणीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, खोवून विसरलेला बिब्बा बन्सीधरच्या कमरेखाली उतला, टरारून फोड आले. तानुबाईनं खोबरेल घेऊन जागा चांगली चोळली, तसा तो पाठीवर पसरला. नेमकं कशाचं आहे ते कळावं म्हणून बन्सीधरनं तिथं बोट लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी बोट उतलं.